आठ वाट्या

३ एप्रिल १९३९, शहादा
आज नाशिकहून येऊन रुजू झालो. मालक गिरधरशेठनी त्यांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात बांधलेला पोहण्याचा हौद पाहून जीव हरखला. वर पत्रे, चारी बाजूंना खिडक्या, तळ दिसेल इतकं नितळ पाणी. रोज त्यात ब्लीचिंग पावडर टाकायचं काम माझं. माप दोन वाट्या. पोहायला शिकवणारा उदेसिंग सारंगखेड्याचा, भर पुरात तापी पार करणारा गडी. परक्या गावात उपाशी राहू नये म्हणून त्याने मला घरी नेऊन जेवू घातलं.

१२ एप्रिल
पाणी हिरवट झालं. हौद घासायचा कंटाळा मीच केला होता. शेठचे पाहुणे येणार म्हणून आठ वाट्या टाकल्या, धूळ नको म्हणून खिडक्या लावल्या. पाणी काचेसारखं! शेठनी पाठ थोपटली. आता रोज आठच.

२९ एप्रिल
उदेसिंग पोहून आला की खोकतो. आज काठावर बसून म्हणाला, "भाऊसाहेब, मन्हा दम कोंडाई ऱ्हायना. पानीमा काही जास्ती पडनं का?" मी म्हणालो, माप तेच आहे, तू विड्या सोड. त्याने बंडल तिथल्या तिथे फेकून दिलं. मला त्याच्याकडे बघवेना.

१६ मे
उदेसिंग गेला. काठावरच, ओल्या अंगाने. डॉक्टरांनी विचारलं, आधीपासून दमा होता का? मी होय म्हणालो.

२० मे
त्याच्या बायकोला, कमलीबाईला, हौद घासायचं काम मीच मिळवून दिलं. ती पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत. पावडर कमी करावी? पण आताच का, असं कुणी विचारलं तर—

२३ मे
कमलीबाई म्हणते, आत एकटी असताना शेजारी कुणीतरी धापा टाकतं. मी हसलो. मग आत जाऊन उभा राहिलो. हौदात कुणी नव्हतं. पाण्यालगत मात्र श्वास— ओढून ओढून घेतलेला—

२५ मे
तीही खोकते. आज सांगणारच होतो. तिने माझ्यासाठी ताक आणलं. प्यालो. सांगितलं नाही.

२६ मे, सकाळ
ती आत आहे. खिडक्या बंद. खोकला ऐकू येतोय. दोघांचा.
दार दहा पावलांवर—
आता एकच खोकतंय. बाईचा आवाज नाही हा—
लोक विचारतील, तुम्ही कुठे होतात? काय सांगू, लिहीत होतो?
उठतो. एवढं वाक्य पुरं झालं की