उजव्या हाताचं औषध

९ जानेवारी १९६१
इसब माझं, हात माझे, आणि लाज मात्र सत्यवतीला! अठरा वर्षं तिच्या घरात रांधतेय, तिची दोन्ही बाळंतपणं मी काढली — आणि आज पाहुण्यांसमोर म्हणते, "अक्का, स्वल्प दिवस पानं वाढू नका. लोकांना किळस येते." तिचीच चिंच कोळून, तिच्याच मिरच्या चिरून कातडी फाटली ना! आता मागच्या पडवीत बसून भाजी निवडायची. निवडलेली चालते, वाढलेली नाही. रामनवमीपर्यंत बरं वाटलं नाही तर दुसरी बाई बघणार, असंही म्हणाली. म्हणजे मी जायचं कुठे?

१२ जानेवारी
सत्यवतीच्या नवऱ्यानं, नरसिंहरावांनी, चिठ्ठी दिली. दवाखान्यात गेले. डॉक्टर त्रिविक्रम इसबावर संशोधन करतात. तरुण आहेत, बोलतात फार. म्हणे शरीर रोगाशी लढतं तसं माझं चिंचमिरचीशीच लढायला उठलंय, आणि त्यात भाजते आपलीच कातडी. म्हटलं, भांडण कळलं, औषध द्या.
दोन डबे दिले. लाल झाकणाचा डाव्या हाताला, पांढऱ्याचा उजव्या. एकात नवं औषध, दुसऱ्यात नुसतं व्हॅसलीन. कशात काय ते त्यांनाही ठाऊक नाही! ते मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात, मोहोरबंद पाकिटात. आम्ही बारा बाया, सगळ्यांना असंच. डबे बदलायचे नाहीत, असं दोनदा बजावलं.

१७ जानेवारी
डावा थंडावला. खाज गेली. उजव्यातून रक्त येतंय.
डावा बरा होऊन करू काय? डाव्या हातानं कुणाला वाढू?

१८ जानेवारी
बदलले.

२ फेब्रुवारी
तपासणी. उजवा स्वच्छ, डावा परत फाटलेला. डॉक्टरांनी वहीत लिहिलं — पांढरं झाकण, गुण उत्तम. खरं बोलले असते तर दोन्ही डबे काढून घेतले असते.

११ फेब्रुवारी
सत्यवतीनं वांगं पारखावं तसा माझा हात उलटसुलट करून बघितला. "सरी, ठीक आहे, उद्यापासून वाढा." डावा पदराखाली ठेवते.

९ मार्च
प्रयोग संपला. लाल डबा खरवडून खरवडून संपला. डॉक्टरांनी खुशीत पांढऱ्या झाकणाचे तीन डबे हातात ठेवले, दोन्ही हातांना हेच लावा म्हणाले. मी लाल मागितलं तर हसले. "कशाला अक्का? त्यानं तर तुमचा हात बिघडला."
घेऊन आले तीन डबे व्हॅसलीन.

१६ मार्च
उजवा फुटला. सत्यवतीनं पाहिलं. माझ्या हातातली पळी काढून घेतली.

२० मार्च
दवाखान्यात गेले. पाकीट उघडलं म्हणे. औषध लालमध्येच होतं, आणि वहीत गुण पांढऱ्याला! मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं, हे औषध कुचकामी. उरलेले लाल डबे शुक्रवारी कंपनीकडे परत पाठवणार. त्रिविक्रम डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालेलं.
बाकावर यशवंतपूरची गोजराबाई होती, बारा जणींतलीच. तिचाही उजवा फुटलाय. राहवेना, तिला सांगून टाकलं मी काय केलं ते. ती शांतपणे म्हणाली, "मग? मीही बदलले. जेवायचा हात तो."
पलीकडे चंपा बसली होती, तीही आमच्यातलीच. तिनं मान खाली घातली.

२१ मार्च
चिठ्ठी लिहिली, डॉक्टरांच्या हातात दिली. इथे उतरवून ठेवते.
"डॉक्टर, औषध चांगलं आहे. आम्ही तिघींनी डबे बदलले. बाकीच्या नऊ जणींना बोलावून विचारा, पण रागावून विचारू नका, खरं सांगणार नाहीत. मोठ्या डॉक्टरांना माझं नाव सांगा. शनिवारी रामनवमी, तोवर हात असाच राहिला तर माझं काम जातं. लाल डबे थांबवणार की परत धाडणार, ते गुरुवारी दुपारच्या आत मला कळलं पाहिजे."