माझा नंबर

बेमिजी, १० फेब्रुवारी

चि. मार्लिसला आर्डिसताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू विणलेला स्वेटर पोचला. रंग नेमका आमच्या आजाराच्या जनजागृतीच्या फितीचा, मोरपिशी निवडलास. लोकर टोचते, पण घालते.

आता काम सांगते. अंडाशयाच्या कॅन्सरवर संशोधन व्हावं आणि बायकांना त्याची लक्षणं वेळेत कळावीत, यासाठी राज्याने निधी द्यावा असं विधेयक सिनेटच्या आरोग्य समितीपुढे येतंय. चोवीस तारखेला सुनावणी आहे. बोलायला मी नाव दिलं होतं, पण त्याच दिवशी माझी केमो. तू राजधानीत, सेंट पॉललाच राहतेस, तर माझ्या जागी तू वाच. कागद सोबत आहे. दोन मिनिटं मिळतात. मी अंडी उकडायच्या घड्याळावर मोजून लिहिलंय.

त्यात वाढवून काही नाही. स्कर्ट कमरेला बसेना तेव्हा मी नाताळच्या लेफ्सेच्या बटाटापोळ्यांना दोष दिला. दोन घासांत पोट भरायचं, तर म्हटलं वय झालं. डॉक्टरांची वेळ मिळाली होती, पण दवाखान्यातून फोन आला की एका खोकणाऱ्या मुलाला ती देता का. दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा कुणाला तरी दिली. शेवटी गेले तेव्हा पोटातून चार लिटर पाणी काढलं. हा रोग लवकर पकडणारी भरवशाची तपासणी अजून कुणाकडेच नाही, हे मात्र ठासून वाच.

समितीचे अध्यक्ष टॉर्विक आपल्याच गावचे. चर्चच्या तळघरात माझ्या हातच्या लिंबाच्या वड्या खाऊन मोठे झालेत. अंडाशय म्हटलं की ते लाजतील. लाजू देत.

तुझ्या नवऱ्याला, व्हर्लिनला आठवण सांग. तुझीच,
आर्डिसताई

सेंट पॉल, २५ फेब्रुवारी

ती. आर्डिसताईस सा. न. वि. वि.

सरळच लिहिते. मी वाचलं नाही.

यादीत माझा तिसरा नंबर होता. मागच्या बाईच्या कडेवर तान्हं बाळ, म्हटलं आधी तुम्ही. मग रोझो गावचा एक म्हातारा आला. बर्फ येणार होतं आणि त्याला राज्याच्या पार उत्तर टोकापर्यंत गाडी हाकायची होती. मग एक दंतवैद्य, त्याचा रोगी खुर्चीत ताटकळलेला. तो दंतवैद्य आणि मी तर एकमेकांना इतका वेळ पुढे ढकलत होतो की शेवटी कारकूनबाईनेच त्याला उभं केलं. बारा वाजता टॉर्विकनी हातोडा आपटून सुनावणी संपवली.

कोट चढवता चढवता ते माझ्याशी बोलायला आले. म्हणाले, राहून गेलं, पुढच्या वेळी नक्की. तुझी तब्येत विचारली. मी म्हटलं, बरी आहे.

घरी आल्यावर व्हर्लिनने बटाट्या-खिम्याचा हॉटडिश गरम करून दिला. मी तो तसाच परत ठेवला. ताई, मला माफ कर.

तुझी,
मार्लिस

बेमिजी, २ मार्च

चि. मार्लिसला अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, आणि मग तुझा असा राग आला की स्वेटर काढून ठेवला. थंडी वाजली म्हणून पुन्हा घातला.

माझा कागद तुझ्या पर्समध्ये होता गं! त्यात काय लिहिलं होतं? दोष तुझा एकटीचा नाही. आई चर्चचं दार धरून उभी राहायची. सगळे आत जाईपर्यंत तिची कॉफी थंडगार. तेच आपण दोघी शिकलो.

पण मी बरी नाही, मार्लिस. नवीन औषध लागू पडत नाही. डॉक्टरीणबाई आता उन्हाळ्याच्या गोष्टी काढत नाहीत. सतरा मार्चला पुन्हा सुनावणी आहे, आणि त्यानंतरची मला मिळेलसं वाटत नाही. तुझा नंबर तू खुशाल वाटत बस. हा माझा आहे. तो कुणाला देऊ नकोस.

रागातही तुझीच,
आर्डिसताई

सेंट पॉल, १८ मार्च

ती. आर्डिसताईस सा. न. वि. वि.

वाचलं!

सकाळी सातलाच जाऊन पहिल्या रांगेत बसले. बर्फावरच्या स्नोमोबाइल गाड्यांच्या अपघातांबद्दल बोलायला आलेल्या, कुबडी घेतलेल्या एका गृहस्थाने विचारलं की मी आधी बोललो तर चालेल का. मी नाही म्हटलं. माझे कान तापले. तो इतका चकित झाला की खालीच बसला.

चार लिटरपाशी आले तेव्हा वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. मी थांबले नाही. अंडाशय हा शब्द चार वेळा आला आणि चारही वेळा टॉर्विक आपल्या पेनाकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, ताई कशी आहे? मी सांगितलं की बरी नाही, तिला उन्हाळा दिसेल की नाही ठाऊक नाही. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

एका मताच्या फरकाने विधेयक पुढे सरकलं. आता ते अर्थ समितीकडे जाईल, तिथे अडकेलही. पण बाहेर पडताना तिथली कारकूनबाई मागे आली आणि तिने हळूच विचारलं, पोट किती दिवस फुगलेलं असलं तर दाखवावं? मी म्हटलं, दिवस मोजू नकोस, आजच फोन कर.

तुझी,
मार्लिस

बेमिजी, २३ मार्च

चि. मार्लिसला खूप खूप आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय, समजून घे.

मला इस्पितळात ठेवलंय; आज सकाळी खोलीत नर्स डोकावली. बाहेर दुसऱ्या कुणा रोग्याची घंटा वाजत होती, तिचा एक पाय दाराबाहेरच होता. कसं वाटतंय म्हणून तिने विचारलं. मला काही घाई नाही, हे शब्द जिभेवर आलेच होते. मी म्हटलं, खूप दुखतंय, आधी माझ्याकडे ये. ती आली. औषध दिलं आणि थोडा वेळ हात धरून बसली.

इस्टरला एवढ्या लांब यायची तसदी घेऊ नकोस, असं लिहिणार होते. नाही लिहीत. इस्टरपर्यंत थांबू नकोस, मार्लिस. आत्ता ये.

वाट बघणारी,
ताई