पाचवं माप

सोनाळा, मंगळवार, संध्याकाळ

आईचं ते पितळी पावशेराचं माप डोळ्यांसमोरून हलत नाही. बोअरचं खारं पाणी पिऊन पिऊन तिच्या किडन्या गेल्या. आता डॉक्टरांनी दिवसाला एकच लिटर पाणी ठरवून दिलंय. म्हणजे पूर्वी दूध मोजायचं तेच माप, चार वेळा.

आज तिला पेपर वाचून दाखवत होतो. धरणात अजून कितीतरी दलघमी पाणी आहे म्हणे.

"दलघमी म्हंजे किती गुंड रे?"

शाळेत गणित शिकवतो ना मी! दशलक्ष घनमीटर, म्हणजे शंभर कोटी लिटर. गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, वीस लिटरचा धरला. आधी पन्नास लाख म्हणालो, मग राहिलेलं शून्य जोडलं. "एका दलघमीत पाच कोटी गुंड, आई."

"मंग आपल्या गावाले काऊन नाही आलं?"

याचं गणित कुठे येतं मला? तिनं ते रिकामं माप पुढे केलं.

"त्यातलं एवढं दे मले."

आजची चार मापं झाली होती. काय करणार होतो? पाच कोटी गुंडांचा हिशेब सांगणाऱ्या मी तिला पाचवं माप दिलं नाही.