खाटांचं घर

बाई, तुम्ही गेल्यावर बारा वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले आहे. माफी मागायला नाही, हे आधीच सांगते. तुमच्या संस्थेचे सचिव सगळीकडे सांगत फिरतात की मी तुमच्या शिकवणीला काळं फासलं. तुम्ही असतात तर त्यांनी मला तुमच्यासमोर उभं केलं असतं आणि मी सगळं घडलं तसं सांगितलं असतं. आता कागदावर सांगते.

तुमच्यामागे संस्थेनं सावळघाटापलीकडे एक घर बांधलं. पैसा परदेशातला. डोंगरातल्या बायकांनी दिवस भरत आले की तिथं येऊन राहायचं, म्हणजे कळा सुरू झाल्यावर दवाखाना गाठायची धावपळ नको. आठ खाटा, पांढऱ्या चादरी, दारावर देणाऱ्यांची पाटी. गावातले लोक त्याला खाटांचं घर म्हणतात. तशीच घरं सुरगाण्याकडेही बांधायचं ठरत होतं, आणि त्याआधी पाहणी करायला देणाऱ्यांच्या कचेरीतल्या एक बाई आल्या. दिवाळी होऊन गेली होती, भाताची कापणी उरकत आली होती. दुभाषी म्हणून संस्थेनं मला बोलावलं, कारण त्या पाड्यांवरची बोली आणि इंग्रजी दोन्ही येणारी मीच. इंग्रजी तुमचं, बोली माझ्या आईची.

आईवरून आठवलं. मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा संस्थेच्या वसतिगृहाच्या कपाटात मला देणाऱ्यांना पाठवलेला एक जुना अहवाल सापडला होता. त्यात माझा फोटो होता, दोन वेण्या घातलेला, आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ही मुलगी अनाथ आहे. आई तेव्हा दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला होती, धडधाकट. मी तो कागद घेऊन तुमच्या गंगापूर रोडच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात पिठल्याला फोडणी देत होतात. कागद पाहिलात, गॅस बारीक केलात आणि म्हणालात, "त्या एका शब्दानं वसतिगृहावर छप्पर आलं. तू त्याच छपराखाली शिकलीस. आता बस आणि जेव." मी बसले आणि जेवले. त्याची मला आजही लाज वाटते, आणि पिठलं चांगलं झालं होतं हेही आठवतं.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला मेन रोडवरून बूट घेऊन दिलेत, पाहुण्यांसमोर स्लिपरवर जायला नको म्हणून. ते घालून मी पहिल्यांदा तुमच्यासोबत दुभाषी म्हणून गेले. संस्थेनं गावाला शिवणयंत्रं दिली होती. एक म्हातारी म्हणाली, यंत्रं आली पण शिवायला कापड कुठं आहे आमच्याकडे? मी ते तसंच्या तसं इंग्रजीत सांगायला लागले. तुम्ही मला मध्येच थांबवलंत आणि हसून पाहुण्यांना सांगितलंत की बायका फार आभारी आहेत, त्यांना पुढचं प्रशिक्षण हवं आहे. परतताना जीपमध्ये माझ्याकडे न बघता म्हणालात, "पाहुणा दोन दिवसांचा असतो. तो रुसून गेला तर इथं दवाखाना तू बांधणार आहेस का?" तुम्ही दवाखाना खरंच आणलात, तो आजही चालू आहे. माझी धाकटी मावशी तिथं वाचली. हे मी नाकारत नाही. पण शिवणयंत्रांचं प्रशिक्षणही आलं, तीन वर्षं चाललं, आणि कापड कधीच आलं नाही.

तर पाहणीच्या त्या दिवशी आम्ही खाटांच्या घरात शिरतो. सचिवांनी चार खाटांवर बायका आणून बसवलेल्या आहेत. त्यातली एक तर गरोदरही नाही, मला पाहून पदराआड हसते. पाहुण्या बाई खाटांकडे फार बघत नाहीत. दारात एक बाई उभी आहे, आठवा महिना, कडेवर पोर, आणि बाहेर पायरीवर तिची सासू. पाहुण्या तिलाच विचारतात, तू इथं येऊन राहणार ना? मी विचारते. ती म्हणते, "नाय राहणार. इथं चूल नाय. पोराला आत घेत नाय, सासूला बाहेर बसवतात. मी खाटंवर निजू, मग घरची दोन पोरं कोणी बघायची? आन पुढल्या आठवड्यात आमी समदी द्राक्षाच्या बागंत जाणार. पोट तिकडं, घर इकडं."

सचिव माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "ताई, थोडक्यात सांगा. सोय आवडली, अजून हवी, एवढंच."

बाई, मी आधी तिचं सगळं बोलणं सांगितलं. पोट म्हणजे कमाई आणि पोट म्हणजे आतलं बाळ, दोन्ही तिकडं, हेही सांगितलं. मग सचिव काय म्हणाले तेही इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. समोर बोललं गेलेलं सगळं सांगायचं हेच दुभाष्याचं काम, असं मी त्या दिवशी ठरवलं. सचिवांचा चेहरा उतरला. पाहुण्यांनी वही मिटली आणि फक्त एवढंच विचारलं, बांधायच्या आधी तुम्हाला कोणी विचारलं होतं का? ती म्हणाली, "नाय." तो एक शब्दही मी इंग्रजीत सांगितला, सचिवांकडे बघत.

पुढं काय झालं तेही लपवत नाही. सुरगाण्याची घरं थांबली. खाटांच्या घराचा निधीही अडला आणि तिथं झाडलोट करणारी बाई, माझ्याच पाड्यावरची, आठ महिने घरी बसली. ती माझ्याशी बोलेनाशी झाली, अजूनही धड बोलत नाही. संस्थेनं मला परत बोलावलं नाही. मग देणाऱ्यांकडून अट आली की यापुढं आराखडा काढायच्या आधी पाड्यावरच्या बायकांची बैठक घ्यायची आणि त्या नको म्हणाल्या तर बांधायचं नाही. त्या बैठकांना मी कोणाच्या बोलावण्याशिवाय गेले. बायका भांडल्या, दोनदा उठून गेल्या, परत आल्या. आता घराच्या मागं पडवी आहे, तीन चुली आहेत, पोरं आत येतात, सासवा आत झोपतात. हंगामात नर्स बागांवरच जाते. आठही खाटा कधी भरत नाहीत. पण जी येते ती आपण होऊन येते. त्या दारात उभ्या असलेल्या बाईला बागेतच मुलगी झाली, सुखरूप. यंदा तिची जाऊ येऊन राहिली होती.

सचिव म्हणतात, बाईंना हे पाहून दुःख झालं असतं. झालं असतं, मला माहीत आहे. तरीही मी परत हेच करीन. तुम्ही आमच्या वतीनं खोटं बोललात आणि त्यातून आमचं भलंही झालं, पण आम्ही काय म्हणतो हे त्या सगळ्या वर्षांत कोणाला कळलंच नाही. माझी आई जिवंत आहे, बाई. तुम्ही ते खोडून टाकलंत. मी कोणाचं काही खोडणार नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट राहिली आहे. आम्ही निघालो तेव्हा पायरीवरची सासू मला म्हणाली, "त्या जुन्या बाईलाबी आमी खरंच सांगायचो. ती हसायची आन त्यांच्या भाषेत भलतंच सांगायची. आमाला कळायचं." पाहुण्यांनी विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी म्हणाले, सांभाळून जा म्हणताहेत, रस्ता खराब आहे.