अळणी गोळाभात

पिपरी मेघे, वर्धा
रविवार, दुपार

प्रिय रत्नदीप,

फोन केला की मी एकतर ओरडते नाहीतर रडते, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. पूर्ण वाच. मधेच "ताई, मीटिंग आहे" म्हणून सटकू नकोस.

दिवाळीनंतर तुला फोनवर जे बोलले, त्यातला एकही शब्द मी परत घेत नाही, हे आधीच सांगते. बाबांच्या किडन्या गेल्या, डायलिसिस चालू आहे, मीठ बंद, पाणीसुद्धा मोजून, हे तुला माहीत नव्हतं का? तरी त्यांना गाडीत बसवून कारंज्याच्या ढाब्यावर नेलंस आणि तर्रीवाली भाजी पोटभर खाऊ घातलीस. वर मला फोटो पाठवलास, बघ बाबा किती खूश! तू पुण्याला निघून गेलास आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा श्वास कोंडला, तेव्हा दवाखान्यात पळवत नेलं मी. खूश करणारा तू आणि अळणी खाऊ घालणारी कैदाशीण मी. हा कुठला न्याय रे? पुन्हा या दारात पाय ठेवू नको म्हटलं, आणि तूही शहाणा, खरंच ठेवला नाहीस.

आई असताना, दवाखान्यात तिची संध्याकाळची ड्यूटी असली की बाबा स्वयंपाकघरात शिरायचे, आठवतं? एसटीतला कंडक्टर माणूस, येत होता तो एकच पदार्थ, गोळाभात. चण्याच्या डाळीचा भरडा भिजवायचे, त्यात तिखट, हळद, ओवा, मीठ घालायचे आणि कच्चं पीठ माझ्या तळहातावर ठेवायचे. "चाख वं पौर्णिमा, मीठ बरोबर हाय का?" माझी मान हलल्याशिवाय एक गोळा भातात जात नसे. तू लगेच फुगायचास, "मले काऊन नाई विचारत?" मग भांड्याच्या बुडाची खरपुडी तुझ्या नावावर. भातात गोळा कुस्करून वर लसणाचं कढत तेल पडलं की वास थेट शेजारी जायचा आणि वच्छलाबाई भिंतीवरून बाबांना हाक मारायच्या, "नानाजी, आज बाई ड्यूटीवर दिसते!"

मला मिठाचा अंदाज बाबांनीच शिकवला आणि त्यांचंच मीठ मी तोडलं. बरणी कपाटात कुलपात असते. ताट पाहिलं की तोंड फिरवतात. "हे जनावराले बी नको देऊ," म्हणाले एकदा. मी मोरीत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि तेच ताट पुन्हा पुढे केलं. माझ्याही ताटात मीठ नसतं, हे कुणाला सांगितलं नाही. त्यांच्यासमोर चवीचं खायला जीव होत नाही.

परवा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हृदय फार थकलंय, आता डायलिसिस झेपणार नाही, म्हणाले. घरी न्या, जे मागतील ते खाऊ द्या. हे वाक्य ऐकायला मी किती तरसले होते! ऐकलं, आणि बाबांना घरी घेऊन आले.

काल त्यांनी गोळाभात मागितला. कुलूप काढलं, पहिल्यासारखं मीठ घातलं आणि यावेळी कच्चं पीठ मी त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट झालं वं पोरी. आता मले तुह्याच हातचं अळणी गोड लागते." मी वेड्यासारखी हसले, रडले, आणि दुसरं पीठ बिनमिठाचं भिजवलं. दोन घास खाल्ले त्यांनी. मग दाराकडे पाहत म्हणाले, "खरपुडी कोणाले देऊ नको. रतन्या येईन."

दारात पाय ठेवू नको असं मी म्हणाले होते ना, तेवढं एक वाक्य मागे घेते. बाकीचं भांडण नंतर करू, मला ते सोडायचं नाहीच. फळं आणू नको, लोणचं तर अजिबात नको. त्यांच्याजवळ फार दिवस नाहीत, रत्नदीप. खरपुडी झाकून ठेवली आहे आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला ते मला दार उघडून पाहायला लावतात. आजच निघ. येजो रे.

तुझीच,
भांडकुदळ ताई