चित्रातली वेणी

प्रिय संचिता,

आजीचा आशीर्वाद. बोलतेय मी, लिहून घेतेय तुझी आई. वासंतीनं मध्ये आपलं शहाणपण घातलं तर मला कुठे वाचता येतंय, म्हणून आधीच तिला शपथ घातलीय. तू मीरा रोडला, भाईंदरहून एक स्टेशन, तरी दोन महिने तुझं पाऊल आपल्या इंद्रलोक सोसायटीत पडलं नाही. फोन केला असता, पण फोनवर मी हसून वेळ मारून नेते. मला तेवढी एकच कला येते.

त्या रविवारचं बोलायचंय. आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये रसिकाताईंनी चर्चा ठेवली होती, कला आणि वास्तव. भिंतीवर तुझं चित्र. ते जाड चष्म्याचे गृहस्थ अर्धा तास सांगत होते, जग सगळं भास आहे. मग बिनसाखरेच्या चहावर एवढे का चिडले, देव जाणे. तू दोनच वाक्यं बोललीस: मी मनाचं काढत नाही. डोळ्यांनी पाहिलंय तेच काढते.

चित्रात मी पाटावर पाठमोरी, आणि मागे बसून तुझे आजोबा माझी वेणी घालतायत. बोटं काळी, कारखान्यात स्टीलची भांडी पॉलिश करून झालेली. शेजारची विमलाबाई माझ्याकडे बघून पदराआड हसली. रसिकाताईंनी माईक माझ्यापुढे धरला, आजी, असं होतं का हो? मी म्हटलं, अहो, ह्यांनी स्वतःच्या डोक्यावरून कधी फणी फिरवली नाही, माझी वेणी कुठली! पोरीनं म्हाताऱ्याला मेल्यावर कामाला लावलंय. हॉल हसून लोळला. मला टाळ्या पडल्या. चष्मेवाले म्हणाले, बघा, हाही भासच. तू चित्र उतरवलंस, चादरीत गुंडाळलंस आणि गेलीस. मी तेव्हाही हसतच होते.

आता ऐक. तू सात वर्षांची असशील. मी मोरीत पडले, उजवा खांदा गेला, हात कानाच्या वर जाईना. केस कापून टाकते म्हटलं, तर हे सकाळी दाराला कडी लावून मागे येऊन बसले. पहिल्या दिवशी वेणी कसली, काथ्याची दोरी वळली. बोटांच्या चिरांत केस अडकायचे. मी ओरडले की म्हणायचे, हळू, बाहेर कळेल. बायकोची वेणी घालतो म्हणून कारखान्यात त्यांना जगू दिलं नसतं. कुणाला सांगू नकोस म्हणाले. नाही सांगितलं. सहा वर्षं रोज, ते जाईपर्यंत. मग मी केस कापले आणि सगळ्यांना सांगितलं, उकडतं. तुझ्या आईनं इथे पेन खाली ठेवलंय. म्हणते, आई, मला वाटायचं तुमची तुम्हीच घालता. लिही गं, नंतर रड.

दाराला फट होती, हे मला त्या चित्रासमोर बसल्यावर कळलं. कळलं, आणि तरी मी चारचौघांत तुला खोटं पाडलं. त्यांची अब्रू राखली म्हणून मनाची समजूत घालत होते. राखली माझीच.

ह्या रविवारी पुन्हा चर्चा आहे. चित्र घेऊन ये. हे पत्रही आण आणि सगळ्यांसमोर वाच. मी शेजारी उभी राहीन, विमलाबाईला हसायचं तेवढं हसू दे. दिलेला शब्द मोडला म्हणून हे रागावतील. रागावू देत, भेटल्यावर त्यांचं मी बघेन.

सही येत नाही. त्यांची खोबरेलाची बाटली मी अजून टाकलेली नाही, त्यात बुडवलेलं बोट खाली टेकवलंय. कागदाला खवट वास आला तर तो त्याचा.

तुझीच,
खोटारडी आजी