झोपेतला मार

३ फेब्रुवारी १९७६, पहाटे
छातीवर पुन्हा काळेनिळे डाग. झोपेत कोणीतरी मला गुद्दे घालतं. हात सापडू दे, खांद्यातून उपटतो.

४ फेब्रुवारी
हात सापडला. बायकोचा निघाला! धुरपता म्हणाली, घोरता घोरता तुमचा दमच अडकायलाय, तोंड निळं पडतंय, हाणल्याबिगर परत येत न्हाई. साफ खोटं. अख्ख्या पालममध्ये माझ्याएवढा दमाचा पैलवान नाही. सकाळी डोकं ठणकतं ते तिच्या गुद्द्यांमुळेच.

७ फेब्रुवारी
तालमीत उभ्या उभ्या डुलकी लागली. डुलकी कसली, डाव आठवत होतो. दोघे हसले. दोघांनाही आपटलं.

९ फेब्रुवारी
मेहुणा लिंबाजी परभणीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, मान जाड आहे, झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो. वजन उतरवा. आधी कुणाला तरी शेजारी बसवून श्वास बघायला सांगा. पैलवानाला म्हणे वजन उतरवा! टेबल उलथणार होतो. पण २२ला जिंतूरला कुस्ती आहे. ताकद जपली.

१२ फेब्रुवारी
टेस्ट झाली. दुपारी तालमीत झोपलो, लिंबाजी शेजारी बसला. म्हणाला, दाजी, दम दोनदा थांबला, तिसऱ्यांदा लय येळ येईना, म्हणून लाथ घातली. मी जागा होताच ठोसा दिला. त्याचे दोन दात पडले. ज्याचा श्वास थांबतो तो असला ठोसा मारेल? मी पास.

१४ फेब्रुवारी
धुरपताला पेडगावला माहेरी धाडलं. नवऱ्यावर हात उचलते! जाताना रडत होती. म्हणाली, हाणायला कुणी नसलं तर मरून जाताल. आता शांत झोप.

१७ फेब्रुवारी
झोप शांत. फक्त रोज घुसमटून खाटेखाली पडतो. आज जागा झालो तर उशी फाडलेली. जेवताना कपाळ ताटात आपटलं. खाटेत ढेकूण झाले असावेत.

२२ फेब्रुवारी, जिंतूर
समोरच्या पैलवानाला, आबासाहेबाला, खाली दाबला. मानेवर गुडघा, कमरेला पकड. हाडं मोडायचीच बाकी होती. पंच म्हणतात, तसाच झोपलो. घोरलो, मग गप्प झालो. डोळे उघडले तर वर आभाळ. आबासाहेब छातीवर बसून गुद्दे घालत होता आणि रडत होता. ऊठ की रं, मेलास का, म्हणत होता. कोणीच हसत नव्हतं. मला भीती वाटली.

२३ फेब्रुवारी
धुरपतापुढे हात जोडून मार मागायला निघालो. एसटीतच झोप लागली. पेडगाव मागे गेलं. कंडक्टरने हलवून पाहिलं, शेवटी मुस्काडात दिली, तेव्हा दम आला. त्याच्यावर हात उचलला नाही. पाया पडलो, उतरलो. आता पायीच माघारी पेडगावला जातो.